बसणाऱ्यांचा पगार खरंच जास्त असतो का?

हजेरीपत्रक

नमस्कार मंडळी,

मी रबाळे एमआयडीसीत एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे पगाराचं काम बघते. आमचे दीडशेच्या आसपास कामगार चार-पाच कारखान्यांत विखुरलेले आहेत. पॅकिंग, शीट मेटल, एक लहानशी फाउंड्री. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय, उचल हे सगळं माझ्या हातून जातं. सात तारखेच्या आत पगार खात्यात पडला पाहिजे, ही जबाबदारीही माझीच.

प्रश्न धाकट्या भावामुळे पडलाय. तो सीबीडी बेलापूरला कंटेनरचं बुकिंग करणाऱ्या एका कंपनीत सेल्सला लागला. आता दर शुक्रवारी रात्री उशीर, शर्टाला सिगारेटचा वास. आईने विचारलं तर म्हणतो, "बसावं लागतं गं. जो बसत नाही त्याला कोणी विचारत नाही." मला म्हणाला, "ताई, तू तर पगार काढतेस, तुलाच दिसत असेल." वर फोनवर एक लेख दाखवला. पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा १० टक्के जास्त कमावतात असं अमेरिकेत दिसून आलंय म्हणे.

दारू वाईट हे आई त्याला रोज ऐकवते, मी वेगळं सांगायची गरज नाही. मला खरं काय आहे ते हवंय, कारण माझी वही काही प्रमाणात त्याच्या बाजूने बोलते.

पॅकिंगच्या युनिटचं उदाहरण देते. दुपारच्या चहाला सुपरवायझर गेटबाहेरच्या टपरीवर जातो. सिगारेट पेटवतो आणि तिथेच विचारतो, "आज कोण थांबतंय?" जे भोवती उभे असतात ते हात वर करतात, नावं चिठ्ठीवर जातात आणि ती चिठ्ठी संध्याकाळी माझ्याकडे येते. जे आत डबा खात बसलेले असतात त्यांना कळतं तेव्हा यादी भरलेली असते. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, त्यामुळे महिन्याला तीन-चार हजारांचा फरक सहज पडतो. बायका टपरीवर उभ्या राहत नाहीत, म्हणून त्यांची नावं चिठ्ठीत जवळपास नसतातच. हीच मंडळी महिन्यातून एक-दोनदा सुपरवायझरबरोबर 'बसतात'सुद्धा. म्हणजे पगारपत्रकावर बोट ठेवून कोणी विचारलं, की ओढणारे-पिणारे जास्त कमावतात का, तर या युनिटमध्ये उत्तर 'हो' असंच आहे.

फाउंड्रीत मात्र नेमकं उलटं. पगारानंतरचा सोमवार आला की तीच तीन-चार नावं गैरहजर. हजेरी बोनस जातो, खाडे कापले जातात. कामाला हुशार माणसं आहेत. त्यातल्या एकासारखा मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, मी बघितलेला नाही.

एकाच रजिस्टरमध्ये दोन उत्तरं आहेत. भावाला कुठलं सांगू? कोणी यातला अभ्यास केला असेल, किंवा स्वतःच्या कामात बघितलं असेल, तर जरूर लिहा. उपदेश नको, अनुभव आणि आकडे हवेत.

---

टोळीवाला

ताई, मी वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याला माथाडी होतो, पुढे टोळीचा मुकादम झालो. आता निवृत्त. मूळचा जावळी तालुक्यातला. तुम्ही विचारलंत ते मी आयुष्यभर बघितलंय, पण आमच्याकडे ते वेगळ्या रीतीने घडतं.

आमची वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, एकट्याची नसते. टोळीने गाडी खाली केली, की होणारी मजुरी माथाडी बोर्डात जमा होते आणि टोळीत वाटली जाते. १९६९ चा माथाडी कायदा झाला, बोर्ड आलं, तेव्हापासून पगार, फंड, ग्रॅच्युइटी सगळं बोर्डातून. अण्णासाहेब पाटलांनी ते मिळवून दिलं म्हणून आमच्यासारख्यांची पोरं शिकली. आता बघा, टोळीत एक जण रात्रीची उतरली नसताना पहाटे कामावर आला. गोणी उचलतो, पण पाय लटपटतात. मी त्याला गाडीवर उभं करायचो, म्हणजे त्याने गोणी नुसती सरकवून खालच्याच्या पाठीवर द्यायची. फळीवरून चालायचं काम दुसऱ्याला. दिवस संपला की वाटणी सारखीच. तुम्ही त्याचा पगार बघितलात तर एक रुपया कमी दिसणार नाही. कमी झालं ते शेजारच्याच्या कंबरेतून. ५० किलोच्या वरची गोणी नको म्हणून आम्ही भांडलो, संप केले. आणि इकडे एका भिडूपायी दुसरा दिवसभरात किती गोण्या जास्त वाहायचा, त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

म्हणून म्हणतो, नुसता पगार बघून दारूचा हिशोब लागत नाही. बरोबर कोण आहे तेही बघायला पाहिजे.

तंबाखूचं सांगायचं तर टोळीत न खाणारा शोधावा लागायचा. भुकेला मारते, झोप उडवते, म्हणून खायचे. चुना-तंबाखूची डबी सगळ्यांची एकच, हातोहात फिरायची. त्यात मैत्री होती हेही खरं आहे, ते नाकारणार नाही.

---

अर्थाअर्थी

हजेरीपत्रक ताई, प्रश्न फार चांगला मांडलाय. मी ठाण्यात अर्थशास्त्र शिकवतो, आणि हा विषय वर्गात हमखास वाद घालणारा आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या भावाने दाखवलेला आकडा खोटा नाही. अमेरिकेत २००६ साली आलेल्या एका अभ्यासात पिणाऱ्या पुरुषांची कमाई न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्के जास्त दिसली होती. महिन्यातून एकदा तरी बारमध्ये जाणाऱ्या पुरुषांना त्यावर आणखी ७ टक्के. बायकांना बारमध्ये जाण्याचा असा वेगळा फायदा दिसला नाही. नेदरलँड्समध्ये २००४ साली एका अर्थतज्ज्ञाने दारू आणि सिगारेट दोन्ही एकत्र तपासल्या. पुरुषांत दारूमागे मजुरी साधारण १० टक्के वर आणि सिगारेटमागे साधारण तेवढीच खाली. म्हणजे दोन्ही करणाऱ्याच्या हातात बाकी शून्य. अमेरिकेतच १९९७ च्या एका अभ्यासात ओढणाऱ्यांची मजुरी ४ ते ८ टक्के कमी आली होती.

आता हे आकडे 'प्यायल्यामुळे पगार वाढला' असं सांगतात का? इथे गाडी अडते. पगार वाढला की माणूस जास्त खर्च करतो, त्यात बाटलीही येते. म्हणजे बाण उलट्या दिशेनेही जातो. शिवाय 'न पिणारे' या एका रकान्यात कोण कोण बसलेत ते बघा. कधीच न प्यायलेले आहेत, तसे डॉक्टरांनी बंद करायला लावलेले आहेत, आणि पिण्यापायी नोकरी-घर घालवून मग सोडलेलेही आहेत. या सगळ्यांची सरासरी काढून ती बेताने पिणाऱ्या धडधाकट माणसाशी ताडली, तर पिणारा उजवा दिसणारच. फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांवर वीस वर्षांच्या कमाईच्या नोंदी घेऊन काम झालं. जुळी घेतली कारण घर आणि बरंचसं रक्त सारखं. तिथे बेसुमार पिणाऱ्यांची कमाई बेताने पिणाऱ्यांपेक्षा जवळपास २० टक्के कमी होती, आणि ज्यांनी पूर्वी पिऊन सोडली होती त्यांचीही तेवढीच कमी. सोडलेल्यांची कमाई सोडल्यामुळे घटली असं कोणी म्हणणार नाही. आधीचं नुकसान त्यांच्याबरोबर आलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आपल्याकडचा, चेन्नईतला प्रयोग. फ्रँक शिल्बाख नावाच्या अर्थतज्ज्ञाने २२९ सायकलरिक्षावाल्यांबरोबर तीन आठवडे काम केलं, २०१९ मध्ये ते छापून आलं. काहींना सांगितलं, दिवसा न पिता या, यंत्रात फुंकर मारा, शून्य आलं तर जास्त पैसे. बाकीच्यांना पिण्या-न पिण्याची अट न घालता पैसे. सगळ्यांना पैसे साठवायला एक-एक पेटी दिली होती. दिवसाची दारू कमी झालेल्यांची बचत निम्म्याहून जास्त वाढली. आणि नीट ऐका, ती वाढ कमाई वाढल्याने किंवा दारूचे पैसे वाचल्याने पुरती समजावता येत नाही. शुद्धीत असलेला माणूस उद्याचा विचार जास्त करतो, एवढाच त्याचा अर्थ लागतो. यातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी असं सांगितलं की आम्हाला शुद्धीवर राहायला लावणारी योजनाच द्या, मग त्यात थोडे पैसे कमी मिळाले तरी चालतील. म्हणजे पिणाऱ्याला कळत नाही असं आपण समजतो, ते साफ चूक आहे.

थोडक्यात तुमच्याकडे पगाराचा रकाना आहे, पण या प्रश्नाचं उत्तर त्याच्या शेजारच्या एखाद्या रकान्यात असेल. उरतं किती, ते कुठे दिसतं तुमच्या वहीत?

---

हजेरीपत्रक

@अर्थाअर्थी सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उरतं किती ते माझ्याकडे नाही, पण आधीच संपलं किती ते आहे. उचलीचं रजिस्टर!

आमच्याकडे पंधरा तारखेनंतर उचल मिळते, पुढच्या पगारात कापून घेतो. आज जेवणाच्या सुट्टीत मागच्या काही महिन्यांचं रजिस्टर काढलं आणि पॅकिंगच्या ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. टपरीवरची जी नावं ओव्हरटाइममध्ये वर आहेत, त्यातली अर्ध्याहून जास्त उचलीतही वर आहेत. जो माणूस महिन्याला चार हजार जास्त कमावतो तो वीस तारखेला हजार-दोन हजार मागायला येतो. आणि डबा खात आत बसणारे, ज्यांचा पगार कमी, त्यांची उचल वर्षात एखादी, तीही गणपतीच्या नाहीतर शाळेच्या फीच्या वेळची.

उचलीची कारणं अनेक असतात, गावाकडे पैसे पाठवणं, आजारपण, भाडं. सगळं दारूवर टाकणार नाही. पण खर्चाचा अंदाज करून बघितला. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने शुल्क वाढवलं तेव्हा देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये झाली आणि भारतीय बनावटीच्या विदेशीची २०५. रोज एक देशी क्वार्टर धरली तरी महिन्याचे २४०० होतात. त्यात चकणा नाही, सिगारेट नाही, दुसऱ्यांना पाजणं नाही. ओव्हरटाइमच्या जास्तीच्या चार हजारांतले निम्म्याहून जास्त तिथेच गेले.

फाउंड्रीतल्या त्या मोल्डरची उचल बघवली नाही. त्याचा पगार हातात येण्याआधीच निम्मा कापलेला असतो. पगारपत्रकावर मीच सही घेते त्याची, आणि तो आकडा बघत नाही, फक्त सही करतो.

---

पामबीच

मी ताईंच्या भावाच्या बाजूने थोडं बोलतो, कारण मी त्याच धंद्यात पंधरा वर्षं आहे. ताई, बसण्याने काम मिळत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आमच्याकडे माल पाठवणारा ग्राहक दिवसा तीन वाक्यं बोलतो आणि संध्याकाळी सगळं सांगतो. कुठल्या जहाज कंपनीने त्याचा कंटेनर जेएनपीटी बंदरात अडकवला, कोणाच्या दरावर तो नाराज आहे, पुढच्या महिन्यात किती बॉक्स जाणार आहेत. ही माहिती म्हणजे आमचा धंदा. ती टेबलावर मिळते.

पण तुमच्या भावाला दोन गोष्टी कोणी सांगितल्या नसतील. एक म्हणजे तो ज्या शुक्रवारी बसतो त्यात ग्राहक असतो की फक्त ऑफिसातलेच लोक? ग्राहक असेल तर बिल कंपनी भरते. ऑफिसातलेच असतील तर काँट्री काढतात, आणि साहेब चार पेग घेवोत की भाऊ एक, वाटा सारखाच पडतो. नव्या मुलाच्या पगारात ही काँट्री जड जाते. दुसरं, आमच्या बरोबर लागलेल्यांत आज जे वर आहेत ते रात्री अकराला फोन उचलणारे आहेत. कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची मुदत, संपत आलाय, शिपिंग बिलात चूक निघालीय, ड्रायव्हर गेटवर अडकलाय, अशा वेळी ग्राहक ज्याला फोन करतो आणि जो उचलतो, त्याच्याकडे पुढचं बुकिंग जातं. त्या वेळी चढलेली असेल तर फोन उचलूनही उपयोग नाही, बोललेला दर सकाळी आठवत नाही. असा चुकीचा दर बोलून बसलेला एक जण मी बघितलाय, फरकाचे पैसे कंपनीला सोसावे लागले आणि त्या माणसाची बढती तिथेच थांबली.

मी स्वतः घेतो. बेताने. त्यामुळे पगार वाढला असं मला वाटत नाही, ग्राहक वाढले म्हणून वाढला.

---

सुरक्षा तळोजा

सिगारेटबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी तळोज्याला रसायनांच्या कारखान्यात सेफ्टीला आहे. आमच्या गेटवर एक लाकडी ट्रे आहे, कप्प्याकप्प्यांचा. आत जाताना काडेपेटी, लायटर, विडीबंडल त्यात ठेवायचं, टोकन घ्यायचं, जाताना परत. आत सॉल्व्हंटचे ड्रम आहेत, ठिणगी चालत नाही. पाळी सुटते तेव्हा आधी त्या ट्रेभोवती गर्दी होते, मग पंचिंगला रांग लागते. माणूस आठ तास कसा काढत असेल ते त्या घाईत दिसतं.

याचा परिणाम काय होतो, तर ओढणारे आत तंबाखू खायला लागतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या मिळतात. देशाचा विचार केला तर २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. ओढणारे १०.७ टक्के आणि खाणारे, लावणारे २१.४ टक्के, म्हणजे दुप्पट. परदेशातले सिगारेट आणि मजुरीचे अभ्यास वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडचा कामगार मुख्यतः खातो. खाण्यासाठी ब्रेक लागत नाही, मशीन सोडावं लागत नाही, सुपरवायझरला वास येत नाही. म्हणून त्याचा पगार त्या महिन्यात काही कमी होत नाही.

कमी होतो तो पुढे. तंबाखू-गुटख्याने तोंड कमी उघडायला लागतं, म्हणून आमच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर सगळ्यांना तोंड उघडायला सांगतात आणि उभी तीन बोटं आत जातात का ते बघतात. स्वतःची तीन बोटं, एकावर एक. चाळिशीच्या आतल्या एका फिटरची दोनच जात होती. मिरचीचा तिखट घास लागला की तोंड पेटतं, असं तो बरेच दिवस सांगत होता, पण सुट्टी टाकून दाखवायला जाणं म्हणजे खाडा, म्हणून गेला नव्हता. त्याला खारघरला टाटाच्या कर्करोग केंद्रात पाठवलं. वेळेत गेला म्हणून कामावर परत आला. अशा माणसाचा आतापर्यंतचा पगार बघून काही कळलं नसतं. चांगला पगार होता.

तंबाखू सोडायची असेल तर सरकारची १८००-११२-३५६ ही फुकट हेल्पलाइन आहे. आमच्याकडे नोटीस बोर्डावर लावलीय.

---

घणसोलीची

हजेरीपत्रक ताई, तुमच्या पहिल्याच पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांनी ओलांडून पुढे नेली. बायकांची नावं चिठ्ठीत नसतात, ती!

मी महापेला पॅकिंग लाइनवर आहे, लाइन लीडर. आमच्याकडेही हेच होतं. ओव्हरटाइम टपरीवर वाटला जायचा. मला दोन मुलं, नवऱ्याचा पगार अनिश्चित, आठवड्यातून दोन दिवस थांबायला मी एका पायावर तयार असायचे. पण विचारणार कोण? मी टपरीवर जाऊन पुरुषांच्या घोळक्यात उभी राहू? एक-दोनदा राहिलेही, तर दुसऱ्या दिवशी लोक काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग पगार कमी म्हणून ऐकून घ्यायचं, की बायका थांबत नाहीत.

म्हणजे जो जास्तीचा पगार दारू-सिगारेटचा म्हणून मोजला जातोय तो आमच्या वाट्यातला आहे. अमेरिकेत बारमध्ये जाणाऱ्या पुरुषांना ७ टक्के जास्त आणि बायकांना नाही असं वर सरांनी लिहिलंय. मला ते वाचून काही नवल वाटलं नाही. यादी जिथे होते तिथे जो असतो त्याला काम मिळतं. यादी उद्या देवळात केली तर देवळात जाणाऱ्यांचा पगार वाढेल.

आमच्याकडे हे कसं बदललं तर नव्या मॅनेजरने एक साधं पत्रक सुरू केलं. पंच मशीनशेजारी कागद लावायचा, ज्याला थांबायचंय त्याने सकाळी नाव लिहायचं, दुपारी दोनला कागद काढायचा आणि पाळीपाळीने नावं घ्यायची. सातच्या आत सुटका आणि स्टेशनपर्यंत गाडी. पहिल्या महिन्यात भांडणं झाली, सुपरवायझर रुसला. आता आमच्या लाइनच्या बायका दर महिन्याला ओव्हरटाइम घेतात आणि टपरीवाल्यांपैकी काहींचा कमी झालाय. ते सिगारेट तेवढीच ओढतात.

---

टोळीवाला

घणसोलीच्या ताईंनी लाख मोलाचं लिहिलं. यादी कुठे होते हाच मुद्दा आहे.

एक भर घालतो. पूर्वी कितीतरी ठिकाणी मजुरीच गुत्त्यावर वाटायचे. हजार रुपये हातात आले की शंभर तिथेच सुटायचे. हे फक्त आपल्याकडचं नाही. कामगार चळवळीत असताना एका वकिलांनी आम्हाला सांगितलं होतं, की आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारात स्पष्ट लिहिलंय, मजुरी दारूच्या रूपात देऊ नये आणि दारूच्या गुत्त्यात वाटू नये. म्हणजे सगळ्या जगाला हा अनुभव होता. आता पगार खात्यात येतो, हे मोठं काम झालं. पण काम गुत्त्याजवळ वाटलं तर पैसे खात्यात येऊन काय उपयोग?

---

अर्थाअर्थी

@घणसोलीची, हे मी वर्गात सांगणार आहे, परवानगी असावी. अभ्यासात याला आम्ही मोठी मोठी नावं देतो, तुम्ही चार ओळींत दाखवून दिलंत. तुमच्या कारखान्यात तर प्रयोगच झाला. सिगारेट तीच, माणसं तीच, फक्त यादीची जागा बदलली आणि पगार बदलला.

ताई, तुमच्या भावाला एवढंच विचारा, की तुझ्या ऑफिसात 'यादी' नक्की कुठे होते.

---

हजेरीपत्रक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

घणसोलीच्या ताईंचं पत्रक आमच्या मालकांना दाखवलं. कारखाना आमचा नाही, सुपरवायझर त्यांचा आहे, त्यामुळे आम्ही फक्त विनंती करू शकतो. पण ओव्हरटाइमचे पैसे आमच्यामार्फत जातात, तेव्हा चिठ्ठीऐवजी सही केलेलं पत्रक आलं तरच नोंद करू, असं मालकांनी लेखी कळवायचं कबूल केलंय. सोमवारपासून सुरुवात. सुपरवायझरचा फोन येऊन गेला, आवाज चढलेला होता. मी तोच नियम पुन्हा वाचून दाखवला.

मोल्डरशी बोलले. त्याला दारूबद्दल एक शब्द विचारला नाही. चेन्नईच्या रिक्षावाल्यांचं तेवढं सांगितलं, की काही लोकांनी स्वतःच अट मागून घेतली होती. तो म्हणाला, "मॅडम, माझी उचल बंद करा. मी मागितली तरी देऊ नका. घरी पाच हजार बायकोच्या खात्यावर टाकता येतील का पगारातून?" मी त्याच्याकडून लेखी अर्ज घेतलाय आणि बँकेत विचारलं. कंपनीला काही करावं लागत नाही, त्याच्याच खात्यावरून पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम पुढे जाण्याची कायमची सूचना देता येते. उद्या त्याला घेऊन शाखेत जाणार आहे.

भावाला हा सगळा धागा वाचायला दिला. पामबीच यांचं काँट्रीचं वाक्य वाचून गप्प झाला, मग म्हणाला, "शुक्रवारी ग्राहक नसतोच." मी त्याला बसू नको असं म्हटलं नाही. एक तक्ता करून दिलाय, तीन महिने भर म्हटलं.

बाबांचं वर लिहिलं नव्हतं. ते वागळे इस्टेटला लेथवर होते, दारूला कधी शिवले नाहीत, पण रात्रपाळीत जागं राहायला तंबाखू लागली ती अजून आहे. तळोज्याच्या दादांचं वाचून त्यांना तीन बोटं घालायला लावली. तीन जातात, पण एका बाजूला पांढरा चट्टा दिसतोय. येत्या गुरुवारी दाखवायला नेतेय.

---

पामबीच

तक्त्यात काय काय रकाने ठेवलेत? आमच्या नव्या पोरांनाही देईन म्हणतो.

---

सुरक्षा तळोजा

ताई, पांढरा चट्टा दिसला म्हणजे कर्करोगच असं नाही, पण गुरुवार चुकवू नका. तंबाखू आजच बंद करायला सांगा आणि ते किती वर्षं खातायत, कुठल्या गालात धरतात हे डॉक्टरांना आधी सांगा. ज्या बाजूला गोळी धरतात तिथेच बहुतेकदा चट्टा येतो.

---

हजेरीपत्रक

@सुरक्षा तळोजा, हो, डाव्या गालात धरतात आणि चट्टाही डावीकडेच आहे. लिहून ठेवलंय.

@पामबीच, पाचच रकाने आहेत. तारीख. कोणाबरोबर बसलो, त्यात ग्राहक होता की नाही. स्वतःच्या खिशातून किती गेले, सिगारेट धरून. त्या बैठकीतून पुढच्या तीस दिवसांत कुठलं बुकिंग आलं. आणि दुसऱ्या दिवशी कामावर किती वाजता पोचलो. शेवटचा रकाना त्याने स्वतः वाढवला.